मदत हवी आहे : पडलेला शेअर विकायला वडिलांना तयार कसं करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. मी नोकरीमुळे बेळगावात, उद्यमबागेत असतो. आई आणि अण्णा गावी. अण्णांनी उभं आयुष्य तंबाखूच्या व्यापारात काढलं. वखार भाड्याने दिल्यापासून ते शेअर बाजारात रमलेत. प्रश्न त्यांच्या एका शेअरचा आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल.

पहिली खरेदी 240 ला. पडला तसा 170 ला घेतला, मग परत 120 ला. सरासरी 164 वर आली आणि आज भाव आहे 82. मुद्दल सुटायचं तर इथून दुप्पट व्हायला हवा. मधल्या काळात कंपनीचं कर्ज वाढलं, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांनी, आपले शेअर गहाण टाकले. ज्या कारणासाठी घेतला ते कारणच उरलेलं नाही. आणि घरात पैसे लागले तेव्हा अण्णांनी विकले ते चांगले चाललेले दोन शेअर, तेही किरकोळ नफ्यात. हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्येच ही सवय मांडून ठेवली आहे : नफ्यातलं घाईने विकायचं, तोट्यातलं कवटाळून बसायचं.

मी विषय काढला की उत्तर ठरलेलं. "आत्ता कशाला विकालास रे? दर येतोय की." त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. खरेदीचा भाव लाल शाईत, खाली दुहेरी रेघ. साडेतीनला बाजार बंद झाला की त्या दिवसाचा भाव शेजारी पेन्सिलीने लिहितात. पेन्सिलीने, कारण त्यांच्या लेखी तो भाव अजून खरा नाहीच.

याला नुसता हट्ट म्हणणं मला पटत नाही. 1981 च्या निपाणीतल्या तंबाखू आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींबरोबर हायवेवर बसलेला हा माणूस. दरासाठी थांबायचं, पडेल भावात माल सोडायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलंय, आणि त्या धंद्यात ते बरोबरच होतं. पुढच्या साली पीक कमी आलं की वखारीतल्या मालाला गिऱ्हाईक यायचं. कर्जात बुडत चाललेल्या कंपनीला असा पुढचा हंगाम नसतो, हे त्यांना कुठल्या शब्दांत सांगू?

येस बँकेचं उदाहरण देऊन पाहिलं. ऑगस्ट 2018 मध्ये 400 च्या आसपास असलेला शेअर मार्च 2020 मध्ये एक आकडी झाला, आणि पुनर्रचनेत 100 पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर 3 वर्षांसाठी अडकले. विकायचं ठरवलं तरी विकता येत नाही अशी वेळ येते. त्यावर अण्णा गप्प बसले, पण वही मिटली नाही.

एक बाजू मात्र त्यांना ऐकावीशी वाटली : कर. त्या दोन शेअरांचा नफा वर्षाच्या आतला, म्हणजे 20 टक्के कर. हा शेअर 31 मार्चच्या आत विकला तर तोटा त्या नफ्यातून वजा होईल. अल्पकालीन (वर्षाच्या आतला) तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातून. म्हणून तीनही खरेद्यांच्या तारखा बघाव्या लागतील. उरलेला तोटा पुढची 8 वर्षं ओढता येतो, रिटर्न मुदतीत भरलं तर. "म्हणजे अगदीच वाया नाही जात," एवढं म्हणाले. मला वाटतं दार इथूनच उघडेल.

तर सांगा : घरातल्या वडीलधाऱ्याला कुणी असं वळवलंय का? निम्मे आत्ता विकून निम्मे ठेवू असं सुचवलं तर त्याने मन हलकं होतं, की उरलेल्या निम्म्यात जीव जास्त अडकतो? पुढच्या खरेदीच्या वेळी विकायचा भावही वहीत लाल शाईनेच लिहून ठेवा, असं सांगायचा विचार आहे. कुणी हे पाळलंय का, आणि भाव खरंच तिथे आला तेव्हा हात चालला का?

शिवाय निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव भागात सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी असलेला, ठरावीक फी घेणारा सल्लागार माहीत असेल तर कळवा. अण्णांना कन्नड उत्तम येतं, पण पैशाचं बोलणं ते मराठीतच करतात, तेव्हा मराठी बोलणारा हवा. टिपा आणि व्हॉट्सॲप ग्रुप कृपया नकोत.