सुट्ट्यांमध्ये रोजच्या मेजवान्या: खाण्याचा तोल कसा सांभाळायचा?

सांजवारा:
पुढचे दहा-बारा दिवस रोज एक तरी जेवण पाहुण्यांबरोबर किंवा बाहेर आहे. गोड आणि तळलेलं सगळीकडे असणारच. रात्री भरपेट जेवायचं असेल तर दुपारचं जेवण सोडलेलं चालतं का? गोडाचा हिशेब कसा ठेवायचा? मेजवानीनंतर सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवतो, ती खरंच चरबी असते का? घरात मधुमेहाची औषधं घेणारी एक व्यक्ती आहे, तिच्यासाठी वेगळं काय सांभाळावं तेही सांगा.

निळीशाई:
आधी काट्याचं. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात, त्याही रोजच्या गरजेपेक्षा वरच्या. दीड किलोला साडेअकरा हजार झाल्या, एवढं एका रात्रीत कोणी खात नाही. वाढलेला आकडा बहुतेक पाण्याचा असतो. काही पाणी मिठामुळे अंगात धरलेलं, काही ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याबरोबर आलेलं (यकृतात आणि स्नायूंत ते साठताना दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी घेऊन येतं), शिवाय आतड्यातलं अन्न. नेहमीच्या जेवणावर आलात की दोन-चार दिवसांत उतरतं. त्या आकड्याला घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं ही खरी चूक, कारण संध्याकाळी त्याची दामदुप्पट भरपाई होते.

दुपारचं जेवण सोडू नका, कारण तेच. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात. कडकडून भूक लागलेला माणूस तेवढ्या वेळात जे आधी समोर येतं ते संपवतो, आणि आधी येतं ते तळलेलं. दुपारी धान्य नेहमीच्या निम्मं घ्या, पण भाजी भरपूर आणि वाटीभर शिजवलेलं कडधान्य किंवा दोन अंडी हवीतच. निघण्याआधी तासभर एखादं फळ किंवा वाटीभर दही.

तिथे गेल्यावर वाढून घेण्याआधी सगळे पदार्थ एकदा बघून या. अर्धं ताट भाज्या आणि सॅलड, पाव प्रथिनं, पाव धान्य. खाण्याचा क्रमही महत्त्वाचा: भाजी आणि प्रथिनं आधी, भात किंवा ब्रेड नंतर. पदार्थ तेच राहिले तरी या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवणानंतर लगेच न बसता १०-१५ मिनिटं चाललात तर आणखी फरक पडतो.

गोडाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, जमल्यास ५ टक्के. २,००० कॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे बारा किंवा सहा चमचे. ३०० मिली कोलात जवळपास आठ चमचे साखर असते आणि पोट तर भरत नाही. म्हणून माझं ठाम मत: गोड पेयं पूर्ण सोडा आणि आवडीचा एक गोड पदार्थ जेवणाच्या शेवटी, बसून, चवीने खा.

काठावरचा:
मधुमेहासाठी पहिला प्रश्न हा, की औषध कोणतं? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील तर जेवण चुकल्याने किंवा लांबल्याने साखर धोकादायक खाली येऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी. जेवण दोन तास उशिरा होणार असेल तर गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि साखर ७० च्या खाली असली तर चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. घाईत चॉकलेट दिलं जातं, ते नको. त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही देऊ नका, सरळ दवाखाना गाठा. उपाशी पोटी दारूही नको, तिचा परिणाम काही तासांनी, झोपेतसुद्धा दिसू शकतो.

सांजवारा:
औषधाचं विचारून घेते. दोन दिवस जेवण आमच्याकडे आहे. तळण कमी तेलकट कसं करायचं, आणि उरलेलं किती दिवस चालतं?

पाकशाळा:
तेल १७० ते १८० अंशांवर ठेवा आणि एका वेळी थोडंच सोडा. कढई गच्च भरली की तेल थंड होतं, वरचा थर लवकर धरत नाही. पण बरंचसं तेल आत शिरतं ते पदार्थ बाहेर काढल्यावर: आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे झारा कढईवरच नीट झटका आणि पदार्थ गरम असतानाच कागदावर पसरा, ढीग करू नका. एक मोठा चमचा तेल (१५ मिली) म्हणजे १२० कॅलरी, हे लक्षात असू द्या.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत, उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये. खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. तीन दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढंच काढून वाफा येईपर्यंत गरम करा. भाताला जास्त जपा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याचं कठीण कवचातलं सुप्त रूप) शिजवूनही टिकतात आणि भात बाहेर राहिला तर त्यांतून वाढलेले जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकूनच द्या.