पेटी चरख्यावर सुताची तार सारखी तुटतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. शाळेत मूलोद्योगाच्या तासाला टकळीवर सूत काढायचो. आता रिटायर झाल्यावर ती हौस पुन्हा उचल खातेय. एका मित्राच्या माळ्यावर पडलेला पेटी चरखा आणला, गांधीजींनी येरवडा तुरुंगात बसवला त्याच बनावटीचा, दोन चाकांचा. माळ (चाक फिरवणारी दोरी) नवी घातली, चाती (सूत ज्यावर गुंडाळतात ती सळई) सरळ करून घेतली. यंत्राची तक्रार नाही, अडतंय सुतावर.

होतं काय, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळलेली वात) हातभर मागे ओढेपर्यंत तार छान निघते. मग मध्येच जाड गाठ येते, तिच्या शेजारी तार केसाएवढी बारीक होते आणि सगळा पीळ त्या बारीक जागी जाऊन बसतो. गुंडाळायला हात वळवला की तिथेच तटकन तुटते. सांधून पुढे जावं तर पुन्हा तेच.

कापूस धाकट्या भावाच्या शेतातला, बीटीच. एकेकाळी नांदेडची गावराणी नावाजलेली होती, आता आमच्या भागात औषधालाही सापडत नाही. पाटावर लोखंडी कांब लाटून सरकी काढतो. पिंजायला धनुकली (कापूस पिंजायचं छोटं धनुष्य) नाही, म्हणून कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश वापरतो (त्यावरून घरात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही). दोष कापसाचा की पेळूचा? आणि उन्हाचा काही संबंध आहे का? दुपारी फार तुटते, कूलरच्या खोलीत जरा बरी चालते.

तयार पेळू मागवा असं कृपया सुचवू नका. दारात कापूस असताना पेळू विकत घेणं मला पटत नाही.

प्रतिसाद:
काका, कापसाला बोल लावू नका. बीटीचे तंतू बहुतेक गावरानपेक्षा लांब असतात, नवशिक्याला उलट सोपे. पेळू खिडकीशी धरून बघा. आत ठिपके दिसले तर पिंजण कच्ची आहे. एका वेळी चिमूटभरच रुई विंचरा. तुटलेलं टोकही बघा: तंतू सुटून झिपऱ्या झाल्या असतील तर पीळ कमी पडलाय, तार सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळी घेत असेल तर जास्त झालाय. जाड जागा आली की चाक थांबवा, तिच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून पीळ थोडा उलगडा आणि हलकेच ताणा. उन्हाचं म्हणाल तर संबंध आहेच, कोरड्या हवेत सूत जास्त तुटतं. सूतगिरणीतही हवेत ओलावा ठेवतात. जवळ ओला पंचा टांगा, पेळूवर मात्र पाणी शिंपडू नका.

मूळ प्रश्नकर्ता:
धरून बघितला. ठिपकेच ठिपके! रुई कमी घेतोच आता. पण ब्रशने भागेलसं वाटत नाही. परभणी-नांदेडकडे लहान धनुकली कुणी करून देतं का? तिला तात (धनुष्याची दोरी) कशाची लावायची तेही सांगा.