मदत हवी आहे: क्यूकाऊ२ मधल्या कॉम्प्रेस्ड क्लस्टरचा रेफकाउंट नेमका कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

क्यूकाऊ२ (qcow2, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रॅमचा डिस्क फाइल फॉरमॅट) डिस्क इमेज तपासणारं एक छोटं टूल लिहितोय. हेडर, एल१, एल२ टेबल (डिस्कचा कोणता तुकडा फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारी दोन पातळ्यांची टेबलं) सगळं वाचून झालं. साध्या क्लस्टरबद्दल (क्लस्टर म्हणजे डिस्कचा ठरावीक आकाराचा तुकडा) काहीच शंका नाही. गाडी अडली ती कॉम्प्रेस्ड क्लस्टरपाशी.

मला समजलं ते असं: एल२ एंट्रीचा बिट ६२ चालू असेल तर क्लस्टर कॉम्प्रेस्ड. क्लस्टर ६४ केबीचा असेल तर खालचे ५४ बिट म्हणजे फाइलमधला ऑफसेट (डेटा सुरू होतो ती जागा) आणि त्यावरचे ८ बिट म्हणजे ५१२ बाइटचे 'जादा' सेक्टर. जादा म्हणजे ऑफसेट ज्या सेक्टरमध्ये पडतो तो सोडून. म्हणून वाचायचे जास्तीत जास्त बाइट मी (जादा + १) × ५१२ वजा (ऑफसेट % ५१२) असे काढतो. नेमकी लांबी कुठेच नोंदलेली नसते, एक क्लस्टरभर डेटा निघाला की थांबायचं. विचित्र आहे, पण चालतं.

खरा प्रश्न पुढे. हा डेटा पुढच्या होस्ट क्लस्टरमध्ये (म्हणजे प्रत्यक्ष फाइलमधल्या क्लस्टरमध्ये) सांडू शकतो, आणि एकाच होस्ट क्लस्टरमध्ये असे अनेक तुकडे बसू शकतात. मग प्रत्येक एंट्रीमागे, तिचा डेटा ज्या ज्या होस्ट क्लस्टरला शिवतो त्या सगळ्यांचा रेफकाउंट (तो क्लस्टर किती ठिकाणांहून वापरला जातोय तो आकडा) एकेकाने वाढवायचा का? की फक्त सुरुवातीच्या क्लस्टरचा? क्यूकाऊ२ च्या दस्तऐवजात याबद्दल जे वाक्य आहे, त्याचे मला दोन्ही अर्थ लागतात.

शिवाय, कॉम्प्रेस्ड एंट्रीत बिट ६३ (रेफकाउंट नेमका १ असल्याची खूण) चालू दिसला तर ती इमेज सरळ बिघडलेली धरायची ना?

क्यूएमूचा सोर्स कोणी या बाजूने वाचला असेल तर फंक्शनचं नाव सांगितलं तरी पुरे.