पहिली अपॉइंटमेंट: ऑटिझमच्या तपासणीला गेलात तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

रानजाई

काल रात्री भाचीचा फोन. तिच्या अडीच वर्षांच्या लेकाची गुरुवारी डेव्हलपमेंटल पेडिएट्रिशियनकडे (मुलांची वाढ-विकास बघणारे डॉक्टर) पहिली वेळ आहे, दोन महिन्यांनी नंबर लागलाय. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, त्याला घालून काय नेऊ गं?"

तिला म्हटलं काहीही घाल, आणि मग मलाच दोनपर्यंत झोप नाही. 2011 साली मी आमच्या चिरंजीवांना नवाकोरा कडक कॉलरचा शर्ट घालून नेलं होतं, शाळेच्या अ‍ॅडमिशनला नेतात तसं. आठवडाभर घोकंपट्टी चालू: "नाव काय तुझं? सांग, नाव काय तुझं?" स्वारगेटपासून रिक्षातही तेच. आत डॉक्टर खाली सतरंजीवर बसल्या, ठोकळे काढले, आणि हा त्यांच्याकडे न बघता खणखणीत म्हणाला, "नाव काय तुझं? सांग, नाव काय तुझं?" अगदी माझ्या सुरात! मला वाटलं, चला, बोलला तरी. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एकोलालिया, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं, हा शब्द मला पुढे दोन महिन्यांनी कळला.

स्टेथोस्कोप नाही, वजनकाटा नाही, सव्वा तास नुसते प्रश्न. मी सगळ्याला "हो, करतो की." बोट दाखवून मागतो? हो. हाक मारली की बघतो? हो हो. तेवढ्यात आमचे हे, जे चारचौघांत तोंड उघडत नाहीत, म्हणाले, "बोट कधी दाखवतो गं? आपला हात धरून फ्रिजपाशी नेतो तो." झालं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनाच. इकडे चिरंजीव मानेपाशी शर्ट ओढून ओढून रडून लाल. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "कॉलरच्या आतलं लेबल कापलंय का?" घरी येऊन कापलं, तर तोच शर्ट घालून झोपला.

परतताना अलका टॉकीजच्या चौकापर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नव्हते.

तर भाचीसाठी विचारतेय. तिथे काय झालं, किती वेळ गेला, काय न्यायला हवं होतं? कसंही लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको.

दोन_घोट_चहा

लेबल!!! आमच्याकडे अजूनही नवीन कपडा आला की आधी कात्री. मोज्यांची शिवण हा वेगळा विषय. कुकर लावलाय, नंतर येते.

नांदेडकर

आम्हाला आधी कानाची बेरा टेस्ट (ऐकू येतं का ते बघायची) करून या म्हणाले. लेकरू झोपलेलं लागतं त्याला. झोपेचं सिरप देतात, पण आदल्या रात्री जागवून आणा असं सांगितलं. हैदराबादच्या लॉजवर मी आणि बायको पाळीपाळीने त्याला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो, पहाटे चारपर्यंत. लॉजवाला म्हणाला साब कुछ प्रॉब्लेम है क्या. सकाळी ऑटोत बसलो, लेकरू पाच मिनिटांत गाढ. दवाखान्याच्या दारात ऑटो थांबला, जागं! कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवायला गेले तर अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी परत.

रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो. लोकांना वाटलं आनंदाने. खरं म्हणजे कान अधू निघाले असते तर मशीन लावून भागलं असतं, असं मनात धरून बसलो होतो मी.

तिखटमीठ

@नांदेडकर 🙏

आमच्या आज्जेसासूबाईंनी पोपटाचा उष्टा पेरू आणला होता, खाल्ला की बोलेल म्हणून. वेखंड उगाळून झालंच होतं. पोपट कुणाचा होता तेही माहीत नाही.

स्पीचवाली_ताई

मी वीस वर्षं त्या खोलीत टेबलाच्या पलीकडे बसते म्हणून थोडं लिहिते. रानजाई, तुमच्यासारख्या आया आठवड्याला चार येतात 😊 पढवून आणू नका हो. रंग ओळखतो का, एबीसीडी येते का, ह्याच्याशी आम्हाला फारसं घेणंदेणं नसतं. मी फुगा फुगवते आणि मधेच थांबते. आता मूल काय करतं? माझ्याकडे बघतं, फुगा पुढे करतं, आईकडे वळून "बघ ना" असं करतं, का फुगा हातात घेऊन कोपऱ्यात जातं? अर्ध्या तासातला माझा निम्मा वेळ तिथेच जातो.

भाचीला सांगा, फोनमधले व्हिडिओ न्या. गोड गोड नकोत. जेवताना कसा, आवडीचं खेळणं कसं फिरवतो, बिनसल्यावर काय करतो. पहिल्या वाढदिवसाचा असेल तर तोही, तेव्हा हाकेला वळत होता का ते दिसतं. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाची वही. मुलाला भूक लागलेली नसावी आणि झोपेची वेळ नसावी.

रक्त तपासून किंवा स्कॅन काढून ऑटिझम कळत नाही. फिट्स येत असतील किंवा तसंच काही कारण असेल तर ईईजी, एमआरआय सांगतात. आणि ती नेटवरची एम-चॅट प्रश्नावली, 20 प्रश्नांची, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी, ती नुसती चाळणी आहे, पुढे तपासायला हवं का एवढंच सांगणारी. तिच्यावरून रात्री बारा वाजता निदान करून रडत बसू नका.

कोल्हापुरी_ठसका

आमचं मालक आलंच न्हाईत. "पोरगं चांगलं हाय, तुझ्याच डोक्यात काय तरी." मग सासूबाई आल्या. मी म्हटलं आता संपलं. तर त्या डॉक्टरला म्हणत्यात, "ह्येच्या बापानं बी पाचव्या वर्षी तोंड उघडलं." डॉक्टरनं विचारलं, "आता बोलतात का नीट?" सासूबाई म्हणाल्या, "आता तरी कुठं बोलतोय."

डॉक्टर, मी, ती फॉर्म भरणारी पोरगी, सगळी हसायला. पण त्या दिवशी खरं सांगितलं ते सासूबाईंनीच. दिवसभर पोरगं त्यांच्याजवळ असायचं की. कपाट उघड-मिट किती वेळा करतंय, कुठल्या आवाजाला कान झाकतंय, सगळं पाठ होतं त्यांना. आईबाप जावाच, पण दिवसभर सांभाळणारं माणूस बी न्या.

दोन_घोट_चहा

आले. कुकरवरून आठवलं, आमचीला शिट्टीची भीती. तिसरी शिट्टी झाली की ती बाथरूममध्ये. @कोल्हापुरी_ठसका गणपतीत काय करता? ढोल?

कोल्हापुरी_ठसका

मोठं हेडफोन घेतल्यात, कान झाकणारं. मिरवणुकीच्या दिवशी मळ्यात. उसाला पाणी सोडलं की चार तास बघत बसतंय.

मिनूचा_बाबा

आमचा अनुभव कडू आहे. पहिल्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निकाल लागला. डॉक्टरांनी मिनूकडे दोनदा पाहिलं असेल, मध्ये एक फोन घेतला. "ऑटिझम आहे, थेरपी लावा," आणि बाहेर रिसेप्शनवर पॅकेजचा कागद. नाव लिहीत नाही. त्याच महिन्यात कुणीतरी स्टेम सेल उपचाराचं माहितीपत्रक दिलं, हप्त्याने पैसे भरायची सोय वगैरे. मी दागिन्यांचा हिशोब मांडायला लागलो होतो. बायकोच्या भावाने आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली: मान्यता असलेल्या क्लिनिकल ट्रायलबाहेर ऑटिझमसाठी हे द्यायचंच नाही. वाचलो.

दुसऱ्या ठिकाणी (मुंबई) तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर, नुसती माहिती. मग सायकॉलॉजिस्ट आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), मिनूबरोबर खेळ. तिसऱ्या दिवशी म्हणाले मिनूला आणू नका, तुम्ही दोघंच या. मला वाटलं आता काय ऐकवतात. दोन तास बसवलं आणि आम्हाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? कुणी विचारलंच नव्हतं तोवर. रिपोर्ट नंतर आला, नऊ पानी. पहिलं वाक्य "मिनूला पाणी, झोका आणि बाबांची दाढी आवडते." ते पान बायकोने लॅमिनेट करून घेतलंय.

तिखटमीठ

दाढी 😭

वैनगंगा

तुम्ही सारे पुण्या-मुंबईचे. आमच्याकडे कुठचं आलं बाप्पा स्पेशल क्लिनिक! अंगणवाडीत तपासणीवाली गाडी आली, त्या डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी देल्ली, सिव्हिलमधल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) जा म्हणून. जिल्ह्याच्या ठिकाणी असते ते, पैसे लागत नाहीत. रंगीत खोली, घसरगुंडी, बॉलचा हौद. पोरगी हौदातून निघालीच नाही, तपासणी हौदातच करून राहिल्या होत्या त्या मॅडम.

पण तपासणी वेगळी अन् अपंगत्वाचं सर्टिफिकेट वेगळं, हे कोणी सांगत नाही. सर्टिफिकेटच्या वेळी इसा नावाच्या ऑटिझम मोजायच्या चाचणीचे 40 प्रश्न असतात, 70 किंवा त्याच्या वर मार्क गेले तर ऑटिझम. मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त, उलटं आहे. मी उगाच खुश झाली होती. अन् सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागते. मोठीच्या वेळी 2014 ला कागदावर "मतिमंद" लिहून देल्लं होतं. 1995 च्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं म्हणे. 2016 चा कायदा आला, अपंगत्वाचे 21 प्रकार झाले, मग बदलून आणलं. पोरगी येश्टीच्या साऱ्या पाट्या वाचत येत होती अन् हातात मतिमंदचा कागद.

यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालं की निरामय आरोग्य विम्याचं पण पाहा, एक लाखापर्यंत आहे.

स्पीचवाली_ताई

@वैनगंगा हौदात तपासणी 👏 बरोबर केलं त्यांनी.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये आधी जीपी (आपले फॅमिली डॉक्टर), मग रेफरल, मग वाट. नियमाप्रमाणे तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हायला हवी, आमची चौदाव्या महिन्यात झाली. पत्र आलं तेव्हा साताऱ्याहून आई-बाबा आले होते, त्यांना वाटलं पासपोर्टचं काहीतरी.

तपासणीत बाहुलीचा वाढदिवस करतात. प्लेडोचा केक, त्यात मेणबत्त्या म्हणून काड्या. बाई म्हणाल्या बाहुलीला केक भरव. आमची कन्या म्हणाली, "दिस इज नॉट केक." बाहुलीला भूक लागलीय. "शी इज प्लॅस्टिक." बाबा बाहेर हे ऐकून म्हणाले, बरोबरच आहे की पोरीचं!

घरी मराठी बोलता का विचारलं. मी गुन्हा कबूल केल्यासारखं हो म्हटलं, कारण नर्सरीतल्या एकीने फक्त इंग्लिश बोला सांगितलं होतं. इथल्या बाई म्हणाल्या, अजिबात सोडू नका, आजी-आजोबांशी कशी बोलेल मग ती?

बस_नंबर_अमुक

विषय मुलांचा आहे, मी 36 वर्षांचा. गेल्या वर्षी स्वतःची तपासणी केली. सायकॉलॉजिस्ट म्हणाल्या लहानपण माहीत असलेलं कुणी आणा. आई आली, पिशवीत माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक. शेरा: "स्वभाव शांत. मधल्या सुट्टीत एकटा असतो." आई म्हणाली, काही त्रास नव्हता हो ह्याचा, खिडकीत बसून बसचे नंबर लिहायचा, पाच वह्या भरल्या. बाईंनी विचारलं, त्या वह्या आहेत? आई म्हणाली, आहेत ना, ह्याच्या बाबांच्या वह्यांबरोबर ठेवल्यात.

मग खोलीत जरा वेळ कुणीच बोललं नाही.

दोन_घोट_चहा

बाबांच्या वह्यांबरोबर... 😳😄

नांदेडकर

बाबांच्या वह्यांत काय होतं?

बस_नंबर_अमुक

रोजचं पावसाचं मोजमाप. 1983 पासून.

मिनूचा_बाबा

स्कॅन करून टाका की इथे! मी खरंच वाचेन.

तिखटमीठ

मी पण. आणि पेरूचं विचारलं नाही कुणी, पण मुलाने खाल्लाच नाही. मऊ फळ तोंडात घेत नाही तो. आज्जेसासूबाईंनी वाया जायला नको म्हणून स्वतः खाल्ला. त्या आधीच खूप बोलायच्या.

रानजाई

हसून हसून डोळ्यात पाणी. सगळ्यांना खूप धन्यवाद, धागा भाचीला पाठवलाय. नवरा आणि सासूबाई दोघं येणार आहेत म्हणे, आणि घोकंपट्टी बंद. आत्ताच तिचा मेसेज आला: "त्याचा जुना पिवळा टी-शर्ट धुतलाय, तोच घालते. पण इथे सारखा पाऊस, गुरुवारपर्यंत वाळेल का?"

कोल्हापुरी_ठसका

फॅनखाली टाक म्हणावं.

दोन_घोट_चहा

फॅनखाली टाकला तर पोरगं आहे का मग बाहेर निघणारं? आमची तर अजून फॅनच बघत बसते 😀