अमेरिकेत इलेक्ट्रिशियनला खरंच मान असतो का? आयटीआयच्या पोरांना काय सांगावं?

हातकाम_सोलापूर:
विजापूर रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडणारी पोरं सारखं विचारतात, अमेरिकेत हातानं काम करणाऱ्याला साहेबाइतका मान आणि पगार असतो, हे खरं का? शिकाऊ पोरगा तिथं पक्का कारागीर कसा होतो? इथून जायला सरळ वाट आहे का? ऐकीव नको, नेमकं माहीत असेल ते सांगा.

तारकाम:
मान आहे भाऊ, पण तो लायसन्सला आहे. इलेक्ट्रिशियनची मोठी युनियन आयबीईडब्ल्यू, १८९१ पासूनची. युनियन आणि ठेकेदारांची संघटना मिळून शिकाऊंचे वर्ग चालवतात. अर्जाला शाळा पूर्ण झालेली हवी आणि वर्षभराचं बीजगणित हवं. मग बीजगणित आणि वाचनाची परीक्षा, त्यानंतर मुलाखत. बीजगणित कच्चं असलेला उमेदवार इथंच अडकतो, हात कितीही चांगला असो.

पुढं पाच वर्षं. साइटवर ८,००० तास, वर्गात ९०० च्या आसपास. पगार पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला पक्क्या कारागिराच्या साधारण निम्मा, मग तास भरतील तशी वाढ. ही वाढ करारात लिहिलेली असते, त्यासाठी मालकाच्या मागं फिरावं लागत नाही. माझ्या मते मानाचं मूळ इथंच आहे. २०२३ मध्ये तिथल्या इलेक्ट्रिशियनचा मध्यम वार्षिक पगार ६१,५९० डॉलर होता, म्हणजे निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. लायसन्सचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे.

कामगार_वाचक:
दुसरी बाजूही पोरांना सांगा. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, ते २००९ पासून तिथंच आहे. बऱ्याच राज्यांत जास्त आहे, सगळीकडे नाही. टिपवर जगणाऱ्या वेटरला मालकानं थेट द्यायचे किमान २.१३ डॉलर, तेही १९९१ पासून. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर उरलेले मालकानं घालायचे. आजारपणाच्या भरपगारी रजेचा केंद्राचा कायदा नाही. १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे रजा मिळते, ती बिनपगारी, आणि ५० हून कमी माणसांच्या मालकाकडे तीही नाही. मोंटाना सोडलं तर कारण न देता कामावरून काढता येतं. करार असला किंवा भेदभावबंदीसारखा कायदा मोडला जात असेल तरच आडकाठी.

पण १९३८ च्या कायद्यातली एक गोष्ट आपण नीट बघावी अशी आहे. आठवड्याला ४० तासांवर काम झालं की दीडपट. आणि नगावर मजुरी असली तरी एकूण रक्कम तासांनी भागून किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. सोलापूरच्या पूर्व भागात हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या बायकांना हा हिशोब लगेच कळेल. याच कायद्यानं सुरुवातीला शेतमजूर आणि घरकामगारांना मात्र बाहेर ठेवलं होतं.

तारकाम:
हाताची सवयही मोडावी लागते. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल. तिथं १२० व्होल्टला काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंग. २४० व्होल्टच्या केबलमध्ये तर टेपची खूण केलेली पांढरीसुद्धा फेज असते. रंगावर भरवसा ठेवू नये, टेस्टर लावूनच हात घालावा. तारेचं मापही एमएममध्ये नाही, गेजमध्ये. १५ अँपिअरला १४ गेज, २० ला १२, म्हणजे गेजचा आकडा वाढला की तार बारीक. २० च्या ब्रेकरवर १४ गेज ओढली तर ब्रेकर पडायच्या आधी तार तापते. इन्स्पेक्टर असलं काम पास करत नाही.

कामगार_वाचक:
जायची वाट सरळ नाही. एच-२बी व्हिसा हंगामी कामाचा, कायद्यानं वर्षाला ६६,००० जागा, साऱ्या जगासाठी. कायमचं जायचं तर ईबी-३, म्हणजे नोकरीवर मिळणारा कायम राहण्याचा व्हिसा. कुशल कारागिराला त्यासाठी किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. स्थानिक माणूस मिळत नाही हे मालकानं आधी सिद्ध करून तिथल्या कामगार खात्याची मंजुरी घ्यायची. भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. कामगार खात्याच्या त्या मंजुरीचा आणि तिच्या वकिलाचा खर्च मालकानंच करायचा असतो. त्यासाठी एजंट लाखभर मागत असेल तर पोरांनी तिथूनच उठावं.

हातकाम_सोलापूर:
म्हणजे आत्तापासून काय करायला लावू?

तारकाम:
दोनशे पानी वही घ्यायला सांगा. तारीख, साइट, कामाचा प्रकार, तास, सुपरवायझरची सही. प्रत्येक राज्य परदेशातले तास धरेलच असं नाही, तरी नोकरी सोडताना मालकाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घेताना हीच वही समोर ठेवता येते. आणि आठवी-नववीचं बीजगणित पुन्हा सोडवायला बसवा.