आपल्या रानातला पट्टेरी वाघ: तुमचे अनुभव लिहा

गोव्यात वाघ आहे म्हटलं की पणजीतली माणसं अजून हसतात. म्हणून सत्तरी, सांगे, काणकोणच्या मंडळींनी इथे लिहावं. ताडोब्याच्या जिप्सीतले किस्से नकोत. वाघ दिसलाच पाहिजे असंही नाही. बिबटा असेल तर मात्र बिबटाच लिहा!

केरीकर: काजूच्या मोसमात बोंडू गोळा करायला बाबांबरोबर गेले होते. व्हाळाच्या ओल्या रेतीत ठसा. नखं उमटलेली नव्हती, म्हणजे कुत्रा नव्हे, आणि बिबट्याच्या मानाने फारच रुंद. बाबा एवढंच म्हणाले, "आज मोठ्यानं बोलत काम करूया." दिवसभर ते मला शाळेतल्या कविता म्हणायला लावत होते.

गवळीवाडा: आमची दुभती म्हैस मारली. मागच्या फऱ्याकडून खाल्ली होती आणि ओढत पाण्याजवळ नेली होती, त्यावरून वाघच. वाघ शिकारीवर पुन्हा येतो, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. विष घालणाऱ्यालाही तेच माहीत असतं. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे असेच विषाने गेले. ते चूकच होतं. पण भरपाईच्या कागदांसाठी कचेरीत खेटे घालताना माणसाच्या डोक्यात काय काय येतं, तेही कधीतरी विचारा.

नेत्रावळीची: मला फक्त भेकराचं भुंकणं ऐकू आलं; धोका जाणवला की ते हरीण असं भुंकतं. वाघ असेल, नसेल.

कॅमेरेवाला: वाघांच्या गणनेत मदत केली आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. चित्रांत गवे आणि साळिंदरंच जास्त. आपलं म्हादई अभयारण्याचं रान कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे "तो तिकडचा, वाट चुकून आला" हे ऐकलं की हसू येतं. बछडे दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. गोळावलीचं ते कुटुंब वाट चुकून आलं होतं का?

केरीकर: आणि वाघ्रो देव कुठून आला मग? सत्तरीत दगडात कोरलेला वाघ पिढ्यानपिढ्या पुजतात.

गवळीवाडा: पुजतो आम्हीही. पण 2023 मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटल्यापासून वाड्यावर एकच प्रश्न आहे: आम्हाला उठवणार का? कॅमेरेवाले, तुम्हाला काही कळलं असेल तर लिहा.