मदत हवी आहे: घरात दोन इंटरनेट लाइन आहेत, कोणता राउटर घ्यावा?

सिंहगडरोडकर
घरी दोन कनेक्शन आहेत. एक गेलं की दुसरं आपोआप चालू व्हायला हवं. सोमवारपासून ऑफिसच्या सलग मीटिंगा आहेत. बजेट सहा हजार. राउटरचं नाव सांगा, उद्याच आणतो.

तांब्याचीतार
दोन्ही लाइनचा वेग किती? दोन्ही फायबर की एक सिमवरची? कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (स्वतः राउटरचं काम न करता लाइन फक्त पुढे देणारा) आहे का? आत्ता जोडणी कशी केली आहे?

चौथामजला
मेश घ्या. तीन नगांचा संच, प्रत्येक खोलीत एक. सगळ्या घराला एकच वायफायचं नाव, सिग्नलची कटकट संपते.

सिंहगडरोडकर
वायफाय सगळीकडे पोचतंय, प्रश्न तो नाही. एक लाइन 150 एमबीपीएसची, दुसरी 100ची, दोन्ही फायबर. एकत्र केल्यावर 250 मिळतील ना?

पोर्टनंबरपाच
एका डाउनलोडला नाही मिळणार. लोड बॅलन्समध्ये (दोन्ही लाइनवर काम वाटण्यात) प्रत्येक नवं कनेक्शन एका लाइनवर टाकलं जातं आणि संपेपर्यंत तिथेच राहतं. घरात चार जण वेगवेगळं काही पाहत असतील तर दोन्ही लाइन वापरल्या जातील, पण मीटिंग एकाच लाइनवर चालणार. तुम्हाला हवाय तो फेलओव्हर, म्हणजे एक लाइन गेली की दुसरीवर जाणं.

टीपी-लिंकचा ईआर605 घ्या. पाच गिगाबिट पोर्ट आहेत, त्यातले एकापेक्षा जास्त वॅन (बाहेरची इंटरनेट लाइन जोडायचे) करता येतात. दुसऱ्या आवृत्तीला यूएसबी आहे, पुढे 4जी डोंगल लावायचा झाला तर तोही लावता येईल. यात वायफाय नाही, त्यामुळे जुना वायफाय राउटर अॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करून ईआर605च्या लॅन (घरातल्या बाजूच्या) पोर्टात जोडा.

रूटिंगटेबल
त्यापेक्षा मायक्रोटिकचा हेक्स घ्या, आरबी750जीआर3. हाही पाच गिगाबिट पोर्टांचा आणि वायफाय नसलेला. रिकर्सिव्ह रूट (लांबच्या सर्व्हरवरून लाइन जिवंत आहे का ते पाहणारा मार्ग) लावायचा: 1.1.1.1 कडे जाणारा रूट पहिल्या लाइनच्या गेटवेवरून, डीफॉल्ट रूट 1.1.1.1 वरून, आणि चेक-गेटवे पिंगवर (उत्तर येतं का ते पाहणारा छोटा संदेश). दर 10 सेकंदांनी पिंग जातो. दोनदा उत्तर आलं नाही की रूट आपोआप उतरतो आणि जास्त डिस्टन्सचा (कमी पसंतीचा) दुसरा रूट काम घेतो. रूटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) 7 मध्ये टार्गेट-स्कोप 11 ठेवायला विसरू नका, नाहीतर रूट लागतच नाही.

पोर्टनंबरपाच
त्यांना सोमवारी मीटिंग आहे. दोन दिवसांत रूटरओएस शिकायला लावू नका.

रूटिंगटेबल
सहा ओळींचं काम आहे. शिवाय कुठे काय अडलं ते लॉगमध्ये स्पष्ट दिसतं. मात्र लोड बॅलन्ससाठी पीसीसी (कनेक्शनं खुणा करून दोन लाइनवर वाटण्याची पद्धत) लावलंत तर आधी फास्टट्रॅकचा (तपासण्या टाळून पॅकेटं थेट पुढे ढकलणारा) नियम बंद करा. तो चालू राहिला तर खुणा केलेली पॅकेटं भलत्याच लाइनने जातात आणि पानं अर्धवट उघडतात.

तांब्याचीतार
दोन्ही चांगले आहेत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं: आत्ता जोडणी कशी आहे?

सिंहगडरोडकर
दोन्ही डब्यांच्या तारा एका साध्या आठ पोर्टच्या स्विचमध्ये लावल्या आहेत. कधी नेट चालतं, कधी दोन्ही बंद. दोन्हींचं सेटिंगचं पान 192.168.1.1 वरच उघडतं. पण याचा नव्या राउटरशी काय संबंध?

तांब्याचीतार
सगळा संबंध इथेच आहे. एकाच स्विचवर दोन डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारे) बसलेत आणि दोघांचा पत्ता एकच. फोनला ज्याचं उत्तर आधी मिळतं त्याचा आयपी तो घेतो, पण पुढची पॅकेटं दुसऱ्याकडेही जाऊ शकतात. स्विच आजच काढा, तोवर एकच लाइन वापरा.

नव्या राउटरलाही दोन्ही वॅनवर एकच नेटवर्क चालत नाही. म्हणून एका डब्याचा लॅन पत्ता 192.168.2.1 करा. राउटरचा स्वतःचा लॅन 192.168.10.1 ठेवा, म्हणजे कोणाशीच धडक नाही. कंपनी ब्रिज करून देत असेल तर उत्तमच: पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी विचारून घ्या, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) 1492 ठेवा.

गच्चीवरचाडबा
दोन्ही फायबर एकाच खांबावरून येतात का ते खाली उतरून पाहा. तसं असेल तर झाडाची एक फांदी पडली की दोन्ही जातील. मग दुसरी लाइन 5जीची घेतलेली बरी.

आणि यूपीएसशिवाय यातलं काहीच उपयोगाचं नाही. दोन्ही ओएनटी (कंपनीचे फायबरचे डबे), राउटर आणि वायफाय, सगळ्यांना बॅकअप हवा. छोटा डीसी यूपीएस घेताना प्रत्येक अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. 9 व्होल्टच्या डब्याला 12 लावलेत तर तो जळू शकतो. हेक्सला 8 ते 30 व्होल्ट चालतात.

पोर्टनंबरपाच
ईआर605 घेतलात तर त्याच्या सेटिंगच्या ट्रान्समिशनमध्ये लोड बॅलन्सिंग, त्यात लिंक बॅकअप: 150ची प्रायमरी, 100ची बॅकअप, मोड फेलओव्हर. तिथेच ऑनलाइन डिटेक्शन मॅन्युअलवर घेऊन पिंगसाठी 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 द्या.

मग तपासणी. राउटरची तार उपटून तपासलंत तर ती खरी परीक्षा नव्हे, लिंक गेल्याचं कोणत्याही राउटरला कळतं. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची फायबर हलक्या हाताने ओढून काढा. टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका. पॉनचा दिवा विझेल, लॉसचा लाल होईल, पण राउटरकडे जाणाऱ्या तारेचा दिवा तसाच हिरवा राहील. रस्त्यावर केबल तुटते तेव्हा नेमकं हेच होतं. राउटर पिंग करत नसेल तर तो याच मेलेल्या लाइनवर बसून राहतो.

सिंहगडरोडकर
स्विच काढला, नेट स्थिर झालं. खांब वेगवेगळे आहेत. ईआर605 आणतोय. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित दुवा) लाइन बदलताना तुटेल का?

रूटिंगटेबल
बहुधा तुटेल. आयपी बदलला की बहुतेक व्हीपीएन नव्याने जोडावे लागतात, कोणताही राउटर घ्या. क्लायंटमध्ये ऑटो-रिकनेक्ट चालू ठेवा.

चौथामजला
आणि 150च्या लाइनवर 94च्या आसपासच वेग दिसला तर तार बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात, चारच जोडल्या असतील तर लिंक 100वर अडकते.

तांब्याचीतार
हे बरोबर. डब्यापासून राउटरपर्यंतच्या दोन्ही तारा कॅट5ई घ्या, दुकानातून तयार टोकांच्या.